कोणत्या बाजूला चुकायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गावात रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळी पोरं गावामागच्या टेकाडावर जमायची. चांद बघायला. त्यात रोजे धरणारी थोडी आणि न धरणारीच जास्त. शेजारच्या आळीतली हिंदू पोरंही असायची आणि गंमत म्हणजे चांद बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसायचा. मी सात-आठ वर्षांचा झाल्यापासून पुढं काही वर्षं रमजान पावसाळ्यातच येत होता. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, पाऊस बेताचाच. पण नेमकं त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग दाटून यायचे. पाऊसही पडायचा नाही आणि चांदही दिसायचा नाही. मग उद्या ईद की रोजा? आम्ही धापा टाकत आजोबांकडे यायचो. ते विचारायचे, "दिसला नाही ना? कुठून पक्की खबर आली नाही ना? मग तीस पुरे करा."

मला तेव्हा फार राग यायचा. नवे कपडे, शिरखुर्मा, सगळं एक दिवस पुढं जायचं. आजोबांच्या त्या तीन शब्दांतली व्यवस्था मला पुष्कळ उशिरा कळली. आभाळ झाकलेलं असताना काय करायचं, हे आभाळ झाकायच्या आधीच ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी कुणी नव्यानं वाद घालायचा नव्हता. आपल्याजवळची माहिती अपुरी आहे हे सगळ्यांना कबूल होतं, आणि चुकायचंच असेल तर कोणत्या बाजूला चुकायचं हेही कबूल होतं.

आज मला बोलायचं आहे ते पावसाबद्दल. पाऊस येईल की नाही, आला तर किती येईल, हे पुरतं माहीत नसताना राज्यकर्त्यांना निर्णय घ्यावे लागतात. हवामान बदलाच्या चर्चेत हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं : 'आकडेवारी अजून पक्की नाही, ती येऊ द्या, मग बघू.' हे वाक्य काही नवं नाही. आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वी ते उच्चारलं गेलं आणि त्याची किंमत लाखो माणसांनी मोजली. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण अकरा वर्षांच्या अवधीत घडलेल्या तीन दुष्काळांची गोष्ट माझ्या वाचनात आली आणि ती माझ्या डोक्यातून जाईना.

पहिली गोष्ट ओरिसाची. १८६५ साली तिथं पाऊस लवकर थांबला. भाताचं पीक गेलं. पण किती गेलं? कुणी आठ आणे म्हणे, कुणी चार आणे. व्यापाऱ्यांकडं साठा किती, घराघरांतल्या कणग्यांत काय उरलंय, याचा कुणालाच पत्ता नव्हता. कटकच्या आयुक्तांना सुरुवातीला परिस्थिती फारशी गंभीर वाटली नाही. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन १८६६ च्या सुरुवातीला स्वतः तिथं जाऊन आले. बाजारात ढवळाढवळ करायची नाही, भाव वाढले की माल आपोआप येईल, असं त्यांचं मत पडलं. बाहेरून तांदूळ आणायला कलकत्त्याच्या महसूल मंडळाची तयारी नव्हती. उन्हाळा सरत आला तेव्हा खरी परिस्थिती कळली, आणि तेव्हाच मोसमी पाऊसही आला. ओरिसाचे किनारे उथळ, बंदरं अशी की पावसाळ्यात जहाज लागणं मुश्कील. जमिनीवरचे रस्ते चिखलात गेले. तांदूळ जवळ असूनही पोचवता येईना. सुमारे दहा लाख माणसं मेली, म्हणजे तिथल्या लोकसंख्येतला जवळपास तिसरा हिस्सा. त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री असलेल्या लॉर्ड क्रॅनबर्न यांनी पुढं कबूल केलं, की इशारा मिळूनही आपण दोन महिने काही केलं नाही आणि त्याचा सल आपल्याला कायम राहिला. हेच गृहस्थ नंतर लॉर्ड सॅलिसबरी म्हणून इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

इथं एक बारकावा बघण्यासारखा आहे. ओरिसात माहिती आली नाही असं झालं नाही. माहिती आली. पण ती पक्की झाली तेव्हा तिचा उपयोग करण्याची वेळ निघून गेली होती.

दुसरी गोष्ट बिहारची, १८७३ सालची. पुन्हा पाऊस लवकर थांबला, पुन्हा भात वाळला. बिहारमध्ये कायमधारा पद्धत होती, त्यामुळं आपल्याकडच्या रयतवारीत असते तशी गावोगावच्या पिकाची नोंद सरकारजवळ नव्हती. म्हणजे माहितीच्या बाबतीत हाल ओरिसासारखेच. पण या वेळी ओरिसा सगळ्यांच्या लक्षात होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी आकड्यांची वाट न पाहता ब्रह्मदेशातून तांदूळ मागवायला सुरुवात केली. जवळपास पावणेपाच लाख टन. १८७४ च्या सुरुवातीला मदतकार्याची सूत्रं सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या हाती दिली गेली. हा मोठा दमदार माणूस होता, घोड्यावरून दिवसाकाठी मैलचे मैल हिंडणारा. त्यानं गाड्या जमवल्या, बैल जमवले, रस्ते केले, कामं काढली आणि घरी बसलेल्या दुबळ्यांनाही धान्य पोचवलं. भुकेनं मृत्यू जवळजवळ झालेच नाहीत.

मग काय झालं? टेंपलचा सत्कार झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसं झालं नाही. आलेल्या तांदळापैकी सुमारे एक लाख टन उरला आणि तो तोट्यात विकावा लागला. खर्च साठ लाख पौंडांच्या वर गेला. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी उधळपट्टी म्हणून झोडपलं. मुळात दुष्काळ होता तरी कुठं, असं लोक विचारू लागले. माणसं मेली नाहीत म्हणजे दुष्काळ मोठा नव्हताच, हा तर्क. मित्रहो, या तर्कापुढं कुठलाही प्रामाणिक अधिकारी हतबल होतो. जो मृत्यू टळला त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. उरलेल्या पोत्यांची मात्र होते.

आणि आता तिसरी गोष्ट. ही आपली, दख्खनची.

१८७६ साली पाऊस पुणे, सातारा, नगर, सोलापूर आणि खालच्या कानडी मुलखावर रुसला. मद्रास इलाख्यात आणि म्हैसुरात तर फारच. ज्वारी-बाजरीच्या ताटांनी कणीस धरलं नाही. जनावरं कवडीमोलानं विकली गेली. माणसं चालू लागली, कुणी मुंबईकडं, कुणी निजामाच्या मुलखात. मुंबई सरकारनं सुरुवातीला कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वेचा रस्ता हे असंच दुष्काळी काम. आमच्या जिल्ह्यातला आष्टीचा तलावही त्याच काळातला. त्या रेल्वेनं मी अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी खिडकीबाहेरच्या भरावाकडं बघताना मला अस्वस्थ वाटतं.

व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, आणि त्याच महिन्यात लिटननी दक्षिणेतल्या दुष्काळाच्या पाहणीसाठी एक माणूस पाठवला. तो माणूस म्हणजे तेच सर रिचर्ड टेंपल.

याच माणसानं तीन वर्षांपूर्वी बिहार वाचवला होता. पण उधळ्या हा शिक्का त्याला पुसायचा होता. त्यानं कामावरच्या पुरुषाची मजुरी कमी केली. दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा. एक रतल म्हणजे आजचे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसणाऱ्या, खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यात जगता येतं का? याची माहिती तेव्हा खरोखरच कुणाजवळ पुरेशी नव्हती, आहारशास्त्र बाल्यावस्थेत होतं. टेंपलचं म्हणणं असं, की पुरणार नाही हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा करून पाहू. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. तुरुंगातल्या कैद्यांना याहून जास्त धान्य दिलं जातं आणि तुरुंगांचा कित्येक वर्षांचा अनुभव आपल्या दप्तरात आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. दोघांजवळची माहिती अपुरीच होती. पण एकाचा अंदाज चुकला असता तर सरकारचं थोडं धान्य जादा गेलं असतं. दुसऱ्याचा चुकला तर माणूस जाणार होता. शास्त्र कुणाचं चांगलं यापेक्षा पारडं कुणीकडं झुकलेलं ठेवायचं, हा खरा प्रश्न होता.

आपल्याकडच्या मजुरांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतः दिलं. मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यातल्या हजारो लोकांनी काम टाकलं आणि ते चालते झाले. उपाशी माणसांचा तो संप. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांची पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. सभेनं आधीपासूनच जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं पाठवून पिकं, पाणी, बाजारभाव, गाव सोडून गेलेली कुटुंबं यांची माहिती गोळा करायला सुरुवात केली होती आणि ती सरकारला लिहून कळवली जात होती. ही माहितीही काही काटेकोर नव्हती. पण ती वेळेवर होती आणि माणसाच्या उंचीवरून पाहिलेली होती. तिकडं १८७७ मध्ये महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. किती मुलं उपाशी आहेत याची गणती होईपर्यंत ते थांबले नाहीत.

मद्रासमध्ये पुढं मजुरी वाढवावी लागली. तोवर फार उशीर झाला होता. १८७७ चा पाऊसही बऱ्याच भागात दगा देऊन गेला. सरकारच्याच दुष्काळ आयोगानं नंतर जो अंदाज केला त्याप्रमाणं ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसं दगावली. संस्थानांतली वेगळी.

तर या तीन गोष्टी. १८६६ मध्ये वाट पाहिली आणि माणसं मेली. १८७४ मध्ये वाट पाहिली नाही, माणसं जगली, आणि वाचवणाऱ्याला शिव्या बसल्या. १८७७ मध्ये त्या शिव्यांच्या धाकानं हात आखडला आणि पुन्हा माणसं मेली. टेंपल दुष्ट होता असं मला वाटत नाही. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. त्याला मागच्या चुकीची शिक्षा झाली होती, आणि शिक्षा चुकीच्या चुकीला झाली होती.

एवढं सगळं झाल्यावर सरकारनं सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० चा, आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. परक्या सरकारच्या या कागदाबद्दल चांगलं बोलताना जीभ अडखळते, कारण तिची भाषा काटकसरीची आहे आणि तिच्या पोटात माणसाबद्दलचा संशयही आहे. पण त्यात एक युक्ती आहे. दुष्काळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिनं पूर्ण आकडेवारी मागितली नाही. तिनं खुणा सांगितल्या : धान्याचे भाव चढणं, सावकारानं कर्ज देणं बंद करणं, लोक विनाकारण भटकू लागणं, भिकारी वाढणं, चोऱ्या वाढणं. या खुणा दिसल्या की चाचणीची कामं उघडायची. काम कष्टाचं, मजुरी पोटापुरती. लोक आले नाहीत तर काम बंद, खर्च थोडका. लोक लोटले तर दुष्काळ आहे, आणखी पुरावा नको. थोडक्यात, खरी आकडेवारी लोकांच्या पायांनी चालत येणार होती.

यातही खोट होती. गरोदर बाई, म्हातारा, मागावर बसून हात नाजूक झालेला विणकर, हे कुदळ मारायला कसे येणार? त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली आणि ती नेहमीच अपुरी पडली. शिवाय संहिता म्हणजे वचन नव्हे. अधिकाऱ्यानं दुष्काळ जाहीरच केला नाही तर सगळं कागदावर. १९४३ च्या बंगालमध्ये तेच झालं, दुष्काळ जाहीर करायचं टाळलं गेलं.

याच काळात दुसरी वाटही चोखाळली जात होती, ती म्हणजे पाऊस आधीच ओळखण्याची. हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या लक्षात आलं, की हिमालयात बर्फ जास्त पडलं की पुढचा मोसमी पाऊस कमी होतो. बर्फाची मोजणी म्हणजे काय, तर पहाडातल्या अधिकाऱ्यांकडून येणारी माहिती. तेवढ्यावर काही वर्षं प्रयोग करून ४ जून १८८६ ला त्यांनी साऱ्या हिंदुस्थानासाठी आणि ब्रह्मदेशासाठी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी आणखी निकष जोडले, अंदाजाचे कागद लांबत गेले. आणि १८९९ मध्ये त्यांनी सरासरीपेक्षा जास्त पावसाचा अंदाज दिला. त्या वर्षी काय झालं हे गुजराती माणसाला विचारा, तो अजून 'छप्पनियो' म्हणून त्या दुष्काळाचं नाव काढतो, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. अंदाज फसल्यावर वर्तमानपत्रांनी खात्यावर तोफ डागली. मग सरकारनं काय केलं असेल? अंदाज सुधारला? नाही, पुढं काही वर्षं तो गोपनीय ठेवला! माहिती अपुरी असली की ती दडपून टाकायची, हा उपाय सरकारांना सर्व काळांत सुचत आलेला आहे.

१९०४ मध्ये आले गिल्बर्ट वॉकर. हवामानाचा फारसा अनुभव नसलेले गणिती. मला हा माणूस आवडतो. बासरीत रमणारा, बूमरँग फेकण्याचा नादी. मद्रासला एका कारकुनाच्या वह्या पाहून विद्यापीठाला त्याची शिफारस करणाऱ्यांत हेही होते. तो कारकून म्हणजे रामानुजन. वॉकरनी जगभरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे आकडे जमवले, आणि भारतीय कारकुनांची एक फौज हातानं गणितं करीत बसली. त्यातून मॉरिशसचा दाब, झांजिबारचा पाऊस, दक्षिण अमेरिकेतला दाब, हिमालयातलं बर्फ अशी सूत्रं निघाली. प्रशांत महासागराच्या दोन बाजूंना हवेचा दाब झोपाळ्यासारखा खाली-वर होतो, हे त्यांनीच दाखवलं. आज आपण 'एल निनो'ची जी बातमी वाचतो तिचं एक मूळ इथं आहे.

पण वॉकरचं मला सगळ्यात भावणारं काम वेगळंच. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच पद्धतीतला धोका दाखवला. शंभर गोष्टी घेऊन पावसाशी ताडून पाहिल्या तर एखादी निव्वळ योगायोगानंही जुळेलच, म्हणून जुळणीवर एकदम विश्वास ठेवू नका, आधी किती गोष्टी तपासल्या ते मोजा. जत्रेत वीस ज्योतिषी बसवले तर त्यातल्या एकाचं भाकीत खरं ठरणारच, आणि पुढच्या वर्षी त्याच्यापुढं रांग लागणार. वॉकर स्वतः त्या जत्रेतले नामांकित होते, तरी त्यांनी ही गोष्ट लिहून ठेवली.

पुढच्या शतकातली एक गोष्ट सांगतो, ती आपल्या जवळची आहे. १९८८ पासून हवामान खातं सोळा निकषांचं प्रारूप वापरू लागलं. त्यामागं डॉ. वसंत गोवारीकर यांचं नाव होतं. मराठी माणसाला त्याचा अभिमान होता, आणि तो योग्यच होता. दरवर्षी 'सर्वसाधारण पाऊस' असा अंदाज यायचा आणि २००१ पर्यंत दरवर्षी सर्वसाधारण पाऊस व्हायचा. २००२ ला अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. जुलै महिन्यात पाऊस फारच कमी झाला. हंगामाचा पाऊस ८१ टक्के भरला. नंतर तपासलं तेव्हा दिसलं, की सोळांपैकी काही निकषांचं पावसाशी असलेलं नातंच सैल झालं होतं. त्याआधी १९९७ ला एल निनो जबरदस्त होता, सगळे धास्तावले होते, आणि पाऊस चांगला झाला होता.

हवामान बदलाची खरी अडचण इथं आहे. पूर्वी आकडे अपुरे होते, पण ते वाढत जातील तसं कोडं सुटेल अशी आशा होती. आता आकडे पुष्कळ आहेत, उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, अंदाज पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहेत. पण ज्या हवेचे ते आकडे, ती हवाच बदलते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. कालच्या पावसावरून उद्याची गटारं किती रुंद करायची हे सांगणं कठीण झालं आहे.

गटारांचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं सांगून टाकतो. तिथली जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं केलेली. १९९३ च्या अहवालानं ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा असं सुचवलं. खर्च फार म्हणून ते बाजूला राहिलं. एवढा पाऊस रोज थोडाच पडतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याच्या मापकात ७३. एकाच शहरात! चारशेहून अधिक मुंबईकर गेले. ५० मिलिमीटरची गटारं असती तरी तो पूर थांबला नसता हे मला माहीत आहे. पण कितीतरी वस्त्यांतलं पाणी काही तास आधी उतरलं असतं.

आता माझ्या घरातली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. अम्मा मला झोळीत घालून खडी फोडायला जायची. लाल मिलोची भाकरी, सुकडी, हे शब्द आमच्या घरात अजून बोलले जातात. ती सांगायची, कामावर गेलं की कुणी विचारत नसे तुमची पैसेवारी किती, पाऊस किती झाला. हातात घमेलं घेतलं की हजेरीपटावर नाव. विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी जो प्रयोग केला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. जुन्या संहितेतली चाचणी इथं हक्क झाली, हा फरक लहान नाही.

तेव्हा फोडलेली पुष्कळशी खडी नंतर कित्येक वर्षं रस्त्याकडेला तशीच पडून होती. आम्ही पोरं तिच्यावर घसरगुंडी करायचो. शहाणीसुरती माणसं तिच्याकडं बोट दाखवून म्हणायची, बघा सरकारचा पैसा कसा वाया गेला. मला ती खडी बिहारच्या उरलेल्या तांदळासारखी वाटते. अम्मा त्या ढिगाजवळून जाताना काहीच म्हणायची नाही.

आता दुष्काळ उपग्रह, ओलावा आणि पर्जन्यमापक बघून जाहीर होतो. नजर पैसेवारीत पाटील-तलाठ्यांच्या मर्जीचा जो भाग होता तो कमी झाला, हे चांगलंच आहे. २००३ पासून हवामान खातं एकाच आकड्याबरोबर कमी, सर्वसाधारण, जास्त अशा पाच शक्यतांची टक्केवारीही देतं. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, पण मथळ्यात येतो तो एकच आकडा, आणि तो चुकला की माणसं चिडतात. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. आपण हसतो, पण त्यांनी त्या आकड्यावर बियाणं पेरलं होतं.

२०२३ च्या ३१ ऑक्टोबरला राज्यात चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आमचा तालुका त्यात नव्हता. ओरड झाल्यावर आणखी हजारभर महसूल मंडळांना सवलती मिळाल्या, त्यात आमचं मंडळ आलं. मंडळाचं पर्जन्यमापक गावापासून अकरा किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडं आहे. तिकडं सरी पडतात तेव्हा आमच्याकडं धूळ उडत असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

धाकटा भाऊ शेती बघतो. त्या जूनमध्ये त्यानं निम्म्या रानातच तूर पेरली, निम्मं रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळं ठेवलं. गावातल्या दोघातिघांनी त्याला वेड्यात काढलं, अंदाज तर बरा आहे म्हणून. पाऊस लागला असता तर निम्म्या रानाचं उत्पन्न गेलं असतं, आणि त्यानं ते मुकाट सोसलं असतं. त्याच्या आदल्या वर्षीची कडब्याची एक गंजी त्यानं चांगला भाव आला असतानाही विकली नव्हती. दोन म्हशी आणि एक गाय तिच्यावर फेब्रुवारीपर्यंत निघाली.